माहेरची कोंबडी

"लेकीच्या दारात रिकाम्या हातानं कसं यायचं गं?" असं म्हणत आई एसटीतून उतरली. तिच्या काखेतल्या पिशवीतून एका कोंबडीनं मान बाहेर काढली आणि माझ्याकडं बघितलं.

वरून कंडक्टर ओरडला, "मावशी, हिचं तिकीट ऱ्हायलं की!"

"आता उतरली न्हवं ती? काढू फुडच्या खेपंला," आई म्हणाली आणि खिडक्यांतली माणसं हसली.

मीही हसले. कोंबडी झकास होती. काळी-तांबडी, तुरा लालभडक, डोळे टवटवीत. पण हसता हसता माझं लक्ष आईच्या दुसऱ्या हातातल्या गाठोड्याकडं गेलं. पंधरा दिवस राहायला येते असा तिचा निरोप होता, आणि गाठोड्याच्या गाठीतून तिची जेवायची पितळी डोकावत होती. पंधरा दिवसांसाठी कुणी आपलं ताट बरोबर नेत नाही. दिवाळीपासून माहेरी वहिनीनं तिला बाहेरच्या सोप्यात काढलं होतं आणि जेवणसुद्धा तिथंच नेऊन आदळत होती, हे मला कळलं होतं.

या गोष्टीला बावीस वर्षं झाली. आमचं गाव भुदरगडाच्या डोंगरात. तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते, आणि नुकतीच शहाणी झाले होते. शहाणी म्हणजे, तालुक्याला आठ दिवसांचं शिबिर केलं होतं. घरच्या घरी मधमाश्या कशा पाळायच्या, कोंबड्या कशा पाळायच्या, हे शिकून, वर कागद मिळवून आले होते. अर्ध्या हळकुंडानं पिवळं होणं म्हणतात, ते मीच. एक तर माझं तोंड आधीच चालू असायचं, त्यात तो कागद. गल्लीत कुणाची कोंबडी शिंकली तरी मी धावत जाऊन चार गोष्टी सुनावून यायची.

आमचे हे इचलकरंजीला मागावर कामाला होते, महिन्यातून दोनदा यायचे. घरात मी आणि मामा, म्हणजे माझे सासरे. मामा उमेदीत डोंगरातली मोहोळं काढायचे. कड्यावर दोरानं लोंबकळून आग्या मोहोळ काढणारा त्यांच्यासारखा गडी पंचक्रोशीत नव्हता. मग एकदा दोर सुटला आणि खुबा मोडला. तेव्हापासून आठ वर्षं मामा सोप्याच्या कट्ट्यावर काठी घेऊन बसलेले असायचे. "देवानं मला कशाला ठिवलाय कुणास ठावं," हे दिवसातून एकदा तरी म्हणायचे.

शिबिरातून मी माश्यांसकट एक मधपेटी आणली, तेव्हा मामांनी तिच्याकडं वाकून बघितलं आणि विचारलं, "ह्या खोक्यात माशी ऱ्हाती? आन् पिळायचं न्हाई मोहोळ?"

"नाही मामा. चौकट काढायची, यंत्रात फिरवून मध काढायचा आणि चौकट परत ठेवायची. पिल्लांना धक्का लागत नाही."

मामांनी पेटीच्या झाकणावरून हात फिरवला. मग म्हणाले, "म्हंजे जलमभर मी लेकरंच पिळली म्हण की."

त्या दिवसापासून मामा बदलले. आठ दिवसांत त्यांनी बांधावरच्या हिरड्याच्या ढोलीतली सातेरी माशी हेरली आणि काठी टेकत टेकत तिथवर गेले. पोळ्याच्या पाती कापून केळीच्या सोपटानं चौकटींना बांधल्या आणि दुसरी पेटी भरली. तीन महिने त्यांच्या तोंडून देवाचं गाऱ्हाणं निघालं नाही. सकाळी चहा घेतला की घरामागच्या परड्यात जायचे. पेट्यांच्या पायांखालच्या वाट्यांत मुंग्या चढू नयेत म्हणून पाणी घालायचे आणि दारात बसलेल्या माश्यांशी बोलत राहायचे. "आलीस का बाई? काय आनलंस आज? कारवी न्हाई हं यंदा, जांभळीवर भागव." मला हसू यायचं, आणि बरंही वाटायचं.

त्याच परड्यात माझं खुराडं होतं. पंधरा पिल्लं आणली होती, त्यातली पंधराही जगवली होती. आता ती तीन महिन्यांच्या तलंगा झाली होती. पहिली लस देऊन झाली होती. दुसरी, मोठी, राहिली होती. दवाखान्यात दोन वेळा जाऊन आले, तर लस संपली होती, पुढच्या बुधवारी या म्हणाले.

आईची कोंबडी घरी आणल्यावर मी ती परड्याच्या पार पलीकडच्या कोपऱ्यात नेली आणि बांबूच्या डालग्याखाली झाकली. शिबिरातल्या सरांनी आमच्याकडून घोकून घेतलं होतं, नवी कोंबडी आली की पंधरा दिवस वेगळी. मी ते गल्लीभर सांगितलं होतं.

आई हातपाय धुऊन मागं आली. "हे काय गं? हिला का झाकलीस?"

"पंधरा दिवस वेगळी ठेवायची असते, आई. नवीन आली की सगळ्यांनाच."

"का म्हून?"

"रोगबिग असला तर कळतो."

आईचा चेहराच उतरला. "रोग? माज्या कोंबडीला?" ती डालग्याशेजारी बसली. "अगं, पिशवीत हात घालून सारी वाट हिला कुरवाळत आनली मी. आन् तू हिला वाळीत टाकतीस?"

"वाळीत नाही गं…"

"ऱ्हाऊ दे. समदीकडं तीच तऱ्हा."

हे ती कोंबडीबद्दल बोलत नव्हती. पेट्यांजवळ बसलेल्या मामांनी सगळं ऐकलं होतं. ते म्हणाले, "मालन, काढ ते डालगं. म्हायारची कोंबडी हाय. पावण्याला दाराभायेर बसिवत्यात व्हय?"

"पण मामा, सर म्हणाले होते…"

"सर म्हनं सर! उद्या तुज्या सराची आई आली तर तिला काय पंधरा दीस गोठ्यात ठिवनार हाय काय त्यो?"

आई पदर तोंडाला लावून हसायला लागली. मामाही हसले. कितीतरी महिन्यांनी मी आईला तशी हसताना बघत होते. मी डालगं उचललं. कोंबडी अंग झाडून उभी राहिली आणि ऐटीत चालत माझ्या तलंगांत जाऊन दाणे टिपायला लागली.

"इहीणबाई," मामा म्हणाले, "ऱ्हावा वाटंल तितकं. ही पोरगी दीसभर मला शिकवत बसती. माज्या बाजूनं बोलायला बी कुनी तरी पायजे घरात."

ते चार-पाच दिवस माझ्या आयुष्यातले फार चांगले दिवस होते. सकाळी आई चुलीशी, मामा पेट्यांशी. दोघं आपापल्या जागेवरून गप्पा मारायची. जुने दुष्काळ, जुनी लग्नं, कोण कुठं मेलं. तिसऱ्या दिवशी कोंबडीनं अंडं दिलं. आईनं ते उकडून, सोलून, मीठ लावून मामांच्या पुढं ठेवलं. मामा म्हणाले, "मालनच्या कोंबड्या नुसत्या शिकलेल्या. अंडं म्हायारच्या अडाणी कोंबडीनंच दिलं बग." मी रागावल्यासारखं केलं.

सहाव्या दिवशी सकाळी खुराड्याचं दार उघडलं, तर दोन तलंगा बाहेरच आल्या नाहीत.

पंख ढिले टाकून बसल्या होत्या. खाली हिरवीगार शीट. मी एक उचलली, तर अंग तव्यासारखं तापलेलं. दुपारपर्यंत आणखी चार बसल्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्या माना वळायला लागल्या. मान उलटी पाठीवर पडायची आणि कोंबडी स्वतःभोवती गोल गोल फिरायची. मला नाव माहीत होतं. शिबिरात चित्रासकट दाखवलं होतं. मानमोडी.

मी पळत तालुक्याच्या दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "लागण झाल्यावर हिला औषध नाही, बाई. मेलेल्या खोल पुरा, वर चुना टाका. उरलेल्यांकडं लक्ष ठेवा."

लक्ष ठेवा! मी तेवढंच करत होते. पाणी पाजत होते, लसूण-हळद भरवत होते, मांडीवर घेऊन बसत होते, आणि एकेक कोंबडी माझ्या मांडीवरच मान टाकत होती. कागद देव्हाऱ्यामागं तसाच उभा होता. चार दिवसांत पंधराच्या पंधरा गेल्या. मी पहारीनं खड्डा खणायची, आई चुना आणून द्यायची.

राहिली एकटी आईची कोंबडी. तिला काही म्हणता काही झालं नाही. रिकाम्या परड्यात ती खुशाल माती उकरत फिरत होती.

शेजारची बायाक्का बघायला आली. म्हणाली, "म्हायारची म्हून टिकली बाई. आईचा हात हाय तिच्यावर."

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. रोग होऊन गेलेली कोंबडीच अशी टिकते, आणि तोच दुसऱ्यांना देते. बायाक्का गेल्यावर मी आईजवळ जाऊन बसले. ती सुपात तांदूळ निवडत होती.

"आई, तिकडं गल्लीत कोंबड्या मेल्या होत्या काय?"

आईचे हात थांबले नाहीत.

"आई."

"घरातल्याच बावीस गेल्या," ती सुपाकडं बघत म्हणाली. "गल्लीतल्या किती, ते देवाला ठावं. ही एक ऱ्हायली."

"आणि तू मला सांगितलं नाहीस?"

"ही आजारी पडली हुती दोन दीस. मग बरी झाली. म्हटलं, हिचं नशीब बळकट. तिथं ठिवली असती तर तुज्या वहिनीनं कापून खाल्ली असती. तुज्याकडं जगंल म्हटलं." मग तिनं सूप बाजूला ठेवलं आणि माझं मनगट धरलं. "मालन, पावण्यांस्नी कळू दिऊ नगंस. त्येंच्या घरात मी काळ घीऊन आलो म्हनतील. मला परत तकडं धाडतील. काय बी कर, पर तकडं धाडू नगं गं मला."

पंधरा दिवसांचं नाटक तिथं संपलं. जे तिची पितळी बघून मला कळलं होतं, ते तिच्या तोंडून पहिल्यांदा बाहेर पडलं होतं. मी काय करणार होते? "नाही सांगत," म्हटलं.

खरं तर मामांना सांगितलं असतं तर बरं झालं असतं, असं तेव्हाही एकदा मनात आलं. पण डालगं काढ म्हणणारे मामाच होते. त्यांना कळलं तर ते स्वतःला दोष देतील, की आईला, हे मला ठरवता येईना. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय, असं झालं होतं. मी गप्प बसले. जन्मात पहिल्यांदा.

पण रोग काय आमच्या कुंपणाशी थांबणार होता? तिसऱ्या दिवशी बायाक्काच्या कोंबड्या बसल्या. मग पलीकडच्या घरातल्या. गल्लीत सकाळी उठून कोंबड्या पुरायचं कामच होऊन बसलं. आणि मग बायाक्काचा कोंबडा मेला. तो साधा कोंबडा नव्हता. गावदेवीची म्हाई, म्हणजे जत्रा, महिन्यावर आली होती, आणि बायाक्कानं नातू बरा झाला म्हणून देवीला बोललेला कोंबडा होता तो. वर्षभर तिनं त्याला तांदळाच्या कण्या घालून वाढवला होता.

त्याच संध्याकाळी दिवे लागायच्या आधी गल्ली आमच्या दारात आली. पंधरा-वीस माणसं. पुढं बायाक्का आणि तिचे दीर, केरबातात्या. मामा कट्ट्यावर बसले होते. आई उंबऱ्याच्या आत उभी होती.

"दादू," केरबातात्या मामांना म्हणाले, "आमी भांडाय आलेलो न्हाई. पर तुज्या माश्या गावात ठिवायच्या न्हाईत."

मामांना आधी कळलंच नाही. "माश्यांनी काय केलं?"

"काय केलं?" बायाक्का पुढं झाली. "दीसभर माज्या कोंबड्यांच्या पाण्यावर बसत्यात त्या. भांडं निसतं काळं हुतंय. त्येंच्या नांगीत ईख असतंय न्हवं? तेच ईख पाण्यात उतारलं. माजा देवाचा कोंबडा तेच पाणी प्याला."

हे मात्र खोटं नव्हतं. चैत्राचं ऊन होतं, ओढा आटला होता, आणि माश्या पाण्यासाठी गल्लीतल्या दर भांड्यावर बसत होत्या. सगळ्यांनी ते बघितलं होतं. आधी माश्या आल्या, मग कोंबड्या मेल्या. लोकांचा हिशोब सरळ होता.

"अवो, कावळा बसाया आन् फांदी मोडाया गाठ पडली," मामा म्हणाले. "माशी पानी प्याली म्हून कुठं कोंबडी मरती? साठ वरसं माशीत गेली माजी. मला कितींदा चावली. मी मेलो काय?"

"तू न्हाई मेलास. कोंबड्या मेल्या," केरबातात्या म्हणाले. "तुज्याच घरातनं सुरवात झाली का न्हाई? सांग."

मामांनी इकडंतिकडं बघितलं, आणि मग त्यांचे डोळे माझ्यावर थांबले. त्यांचा चेहरा एकदम उजळला. "मला अडाण्याला काय इच्यारताय? हिला इच्यारा की. हिनं शिबिर केलंय, कागद हाय हिच्याकडं. मालन, सांग ह्यास्नी. ह्यो रोग कशानं येतोय ते सांग."

सगळी माणसं माझ्याकडं वळली.

एक वाक्य होतं. रोग नव्या कोंबडीतून येतो. मी ते गल्लीत पन्नास वेळा बोलले होते. आता बोलले असते, तर कुठल्याही पोरानं विचारलं असतं, मग तुमच्याकडं नवी कोंबडी कुठली आली? आणि नवी कोंबडी त्या वेळी आईच्या काखेत होती. दारात गर्दी बघून तिनं तिला उचलून घेतलं होतं. मी मागं वळून बघितलं. आई माझ्याकडं बघतही नव्हती. खाली मान घालून कोंबडीच्या पाठीवरून हात फिरवत उभी होती.

"मालन, सांग की," मामा म्हणाले.

"मला…" मी म्हणाले, "मला नक्की सांगता येत नाही, मामा."

मामा माझ्याकडं बघत राहिले. कड्यावर दोर सुटला तेव्हा त्यांचा चेहरा असाच झाला असेल, असं मला वाटलं. नंतर त्यांनी एकदा उंबऱ्याकडं बघितलं. मग खाली काठीकडं. मग एकदम म्हणाले, "बरं. माश्या माज्या हायत. उद्या घालवतो."

"जाळून टाकूया," मागून कुणीतरी म्हणालं.

"जाळायच्या न्हाईत," मामांचा आवाज चढला. "मी घालवतो म्हनलं न्हवं? जावा आता घरला."

त्या रात्री कुणी जेवलं नाही. मामा भिंतीकडं तोंड करून झोपले. आई चुलीशी बसून राहिली. मी दोघांच्या मधून तीनदा ये-जा केली आणि कुणालाच काही बोलले नाही. मला वाटलं, आज एवढं झालंय, आणखी कशाला.

सकाळी मामांनी गोवरीचा धूर केला. पेटीचं झाकण काढलं. एकेक चौकट उचलून बाहेर काढली आणि हलक्या हातानं माश्या झटकल्या. मी मदतीला गेले तर म्हणाले, "तू लांब हो." एवढंच. दोन्ही पेट्यांतल्या माश्या उठल्या. शेवग्यावर त्यांचे दोन मोठे घोस लटकले आणि दुपारच्याला डोंगराकडं निघून गेले. रानात गेलेल्या माश्या मात्र पाय पिवळे करून परत येत राहिल्या. पेट्या होत्या त्या जागी हवेत घिरट्या घालत राहिल्या. त्यांना दार सापडेना. मामा काठीवर हनुवटी टेकून बघत होते.

काढलेल्या पाती त्यांनी पाटीत घालून बाजूला ठेवल्या होत्या. मधाच्या थोड्या, पिल्लांच्या जास्त. पांढऱ्या अळ्यांनी खच्चून भरलेल्या. आम्ही तिघंही माश्यांकडं बघत होतो, तेवढ्यात आईची कोंबडी पाटीवर चढली. तिनं एक अळी टिपली. चव आवडली. मग ती घरंच्या घरं उकरून खायला लागली. टक, टक, टक. मी हुसकायला धावले तर मामा म्हणाले, "खाऊ दे. आता त्येंचं कोन हाय?"

आईनं तोंडावर पदर घेतला आणि ती आत गेली.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी पाण्याला गेले. घागर घेऊन परत आले तर सोप्यात तिचं अंथरूण घडी करून ठेवलेलं. गाठोडं नाही. परड्यात कोंबडीही नाही. मी घागर तशीच टाकून थांब्यावर पळाले. पहिली एसटी जाऊन दहा मिनिटं झाली होती. हॉटेलवाला म्हणाला, "तुमची आई न्हवं? गेली की. काखंत कोंबडी हुती."

घरी आले तर मामा परड्यात पेट्यांच्या रिकाम्या जागेसमोर बसले होते. एखाददुसरी माशी अजून येत होती.

"पावनी गेली?" त्यांनी विचारलं.

"गेली."

"न सांगता?"

मला रडू फुटलं. मी त्यांच्या पायाशी बसले आणि सगळं सांगून टाकलं. बावीस कोंबड्या, मनगट, तिकडं धाडू नको, सगळं. मामा ऐकत राहिले. त्यांना नवल वाटल्याचं दिसेना.

"तुम्हाला माहीत होतं?"

"परवा कळलं. तुज्यासारखी पोर, कुनी न इच्यारता तासभर बोलनारी. तुला समद्या गल्लीनं इच्यारलं आन् तू सांगता येत न्हाई म्हनालीस. मग मागं बगितलं, तर इहीणबाईच्या काखंत कोंबडी."

म्हणून त्यांनी लगेच कबूल केलं होतं. ते माझ्यावर चिडले नव्हते. माझ्या आईवर कुणाची नजर जायच्या आत त्यांनी सगळं स्वतःवर ओढून घेतलं होतं. आणि मी दोन दिवस त्यांच्या पाठीकडं बघून चुलीशी बसले होते.

"मी आत्ता जाऊन सांगते सगळ्यांना," मी उठत म्हणाले. "माश्या तर गेल्याच. निदान तुमच्यावरचा…"

"बस खाली. आता सांगून काय माश्या परत यीत्यात? उद्या इहीणबाई आली तर गल्लीतनं कशी चालंल?" मग म्हणाले, "एका कोंबडीपायी मी माणूस घालवलं असतं व्हय गं? भायेर गप बसलीस, ते बरं केलंस. घरात का गप बसलीस?"

मी उठले आणि पहाटे टाकलेली घागर उचलून आत नेली.

आई परत आली नाही. मी तीनदा आणायला गेले. मामांना सगळं माहीत आहे, त्यांना काही वाटलेलं नाही, ते वाट बघताहेत, असं शपथेवर सांगितलं. दर खेपेला ती म्हणायची, "यीन की फुडच्या म्हयन्यात." तिच्या सोप्यात, तिच्या पितळीसमोर बसून. दुसऱ्या वर्षी पावसाळ्यात ती तिथंच गेली. मामा त्यानंतर चार वर्षं होते. कट्ट्यावर.

बायाक्का आता ऐंशीच्या पुढं गेली आहे. डोळ्यांनी दिसत नाही, पण पावलांवरून माणूस ओळखते. दरवर्षी म्हाईच्या दिवशी मी तिच्या पाया पडायला जाते, आणि दरवर्षी ती माझा हात हातात घेऊन म्हणते, "मालन, तुज्या सासऱ्याच्या माश्यांनी माजा देवाचा कोंबडा न्हेला बग. लई बेस माणूस हुता, पर ते काय बरं केलं न्हाई त्यानं."

"व्हय बायाक्का," मी म्हणते. "न्हाई केलं बरं."